सहलीसाठी पॉवर स्टेशन: अडीचशे वॉट-अवरचे की पाचशेचे?

तोरणमाळचा मुक्काम असो, पाटणादेवीच्या बाजूची सहल असो वा हिवाळ्यात शेतात होणारी भरीत पार्टी असो, सोबत न्यायच्या पॉवर स्टेशनची, म्हणजे सॉकेट असलेल्या मोठ्या बॅटरी-पेटीची, निवड बहुधा दोन आकारांवर येऊन थांबते. एक सुमारे अडीचशे वॉट-अवरचे (एक वॉटचे उपकरण तासभर चालवणारी वीज म्हणजे एक वॉट-अवर), साडेतीन-चार किलोंचे. दुसरे पाचशेच्या आसपासचे, सहा ते आठ किलोंचे.

खोक्यावर क्षमता अनेकदा 80,000 मिलिअँपिअर-अवर अशी छापतात. हा भारदस्त आकडा आतल्या 3.2 व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार करून हजाराने भागल्यास 256 वॉट-अवर येतात आणि बॅटरीची वीज घरगुती सॉकेटसारखी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के खर्ची पडून सॉकेटवर जेमतेम 220 मिळतात. तरीही तेवढ्यात 9 वॉटचा एलईडी दिवा रात्रभर चालून चार-पाच मोबाइल चार्ज होतात. मोबाइल यूएसबीवरच लावावेत आणि सॉकेटचे बटण बंद ठेवावे, कारण काहीही जोडलेले नसले तरी सुरू इन्व्हर्टर थोडी वीज खातच राहतो.

खरा प्रश्न पंख्याचा आहे. साधा टेबल फॅन 50 वॉटच्या आसपास घेतो, त्यामुळे लहान पॉवर स्टेशनवर तो चार तासांत थांबतो आणि खानदेशातल्या एप्रिल-मेच्या रात्री ते परवडत नाही; मोठ्यावर तो आठ तास चालतो. पण तोच पंखा 25 ते 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) घेतला, तर लहान पॉवर स्टेशनही रात्र जवळपास काढते, शिवाय असा पंखा दोन आकारांच्या किमतीतील फरकापेक्षा बराच स्वस्त पडतो. म्हणून केवळ पंख्यासाठी मोठे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लागणारी व्यक्ती सोबत असेल किंवा दिवसभर लॅपटॉपवर काम करायचे असेल, तर मात्र पाचशेचेच घ्यावे. पंधराशे वॉटची किटली किंवा इंडक्शन शेगडी दोन्हींवर चालत नाही. चहाला गॅसच न्यावा.

आकार कोणताही घेतला तरी सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचेच पाहावेत. ते थोडे जड असतात, परंतु साधारण तीन हजार चार्जिंग चक्रे टिकतात, तर दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे (एनएमसी) लिथियम सेल, पाचशे ते आठशे चक्रांतच मंदावतात. चार्जिंगची कमाल तापमानमर्यादा बहुधा 40 ते 45 अंश असते आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे उन्हात उभ्या गाडीची डिकी ती सहज ओलांडते.

सौर पॅनेल घेण्यापूर्वी हंगाम पाहावा. 100 वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात 60-70 वॉट देते, म्हणजे लहान पॉवर स्टेशनला चार तास आणि मोठ्याला अख्खा दिवस लागतो. पावसाळ्यात, धुक्यातल्या तोरणमाळला, ते ओझेच ठरते. तिथे जाताना गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर लहान पॉवर स्टेशन अडीच-तीन तासांत भरते. मोठे तेवढ्याच प्रवासात निम्म्यावर राहते.