टायरसकट स्टील, टायरविना अलॉय

इंदूरमध्ये कुणी अलॉय व्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिम, घ्यायच्या बेतात असेल, तर दुकानदार काट्याला नेमकं काय टांगतोय ते बघा. आमच्या वेळी काटा खराच होता.

आमच्या हॅचबॅकला 14 इंची स्टीलच्या रिम होत्या. एबी रोडवरच्या एका दुकानात 15 इंची अलॉय दाखवले. "भिया, आधा वजन है, एवरेज बढ़ेगा." पुरावा म्हणून त्यानं गाडीचं एक चाक खोलून हुकाच्या काट्याला अडकवलं. साडेचौदा किलो. मग नवी रिम टांगली, आठ किलो दोनशे. वर स्वतःच म्हणाला, "टायर तो दोनों में लगेगा, उसको क्या गिनना." आणि तो टायर मोजला मात्र एकाच बाजूला!

माझा मेहुणा पीथमपूरला कारखान्यात आहे. गाडी बघून त्यानं एवढंच विचारलं, "भावोजी, स्टीलची नुसती रिम किती भरली?" जुन्यातली स्टेपनी तेवढी उरली होती. पंक्चरवाल्याकडून तिचा टायर उतरवला आणि रिम भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. सात किलोला जरा कमीच. म्हणजे अर्धं व्हायचं सोडाच, दर चाकामागे किलोभर वजन वाढलं होतं, तेही पैसे मोजून.

अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7, पोलादाची 7.85 च्या आसपास. त्यामुळे रिमही तिपटीनं हलकी असणार असं वाटतं, आणि धंदा चालतो तो यावरच. पण स्टीलची रिम पातळ पत्रा दाबून बनते. अ‍ॅल्युमिनियम तेवढं मजबूत नसल्यानं ओतीव रिमच्या काड्या आणि कडा जाड ठेवाव्या लागतात. स्वस्त मालात फायदा तिथेच संपतो, आणि माप इंचभर वाढवलं की उलटा तोटा. खरोखर हलक्या असतात त्या फोर्ज्ड, म्हणजे न ओतता प्रचंड दाबाखाली घडवलेल्या रिम, पण त्यांची किंमत ऐकूनच माणूस दुकानाबाहेर पडतो. आमच्या डब्यावर 'फोर्ज्ड फिनिश' छापलं होतं. फिनिश म्हणजे रंग, बाकी काही नाही.

परत गेलो तर उत्तर तयार: "काटा तो आपने खुद देखा था." जुन्या चार रिम त्यानं भंगाराच्या भावानं वळत्या करून घेतल्या होत्या, त्या तोवर विकून मोकळा.

तेव्हा तोलायचं तर दोन्ही रिम नुसत्या, आणि एकाच मापाच्या. अलॉयच्या मागच्या बाजूला आयएसआय खूण, आयएस 9436 हा क्रमांक आणि किती भार पेलेल तो आकडा आहे का ते बघा. वजन पक्क्या बिलावर लिहून मागा. जुन्या रिम घरी आणा, माळ्यावर पडल्या तरी चालतील.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. हातातल्या कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही, म्हणून यूपीआयची पावती आणि डब्याचा फोटो जोडला.