हळदीच्या गिरणीचा ड्रॉवर मॅग्नेट: गॉस वाचण्याआधी ग्रेडचं अक्षर वाचा

पल्व्हरायझरच्या, म्हणजे दळणाऱ्या गिरणीच्या, तोंडाखाली बसवून पावडरीतलं लोखंड धरायचा, चार नळ्यांचा निओडिमियम ड्रॉवर मॅग्नेट. सांगली-कुपवाडकडच्या मसाला युनिटवाल्यांनी नवीन मशिनरीची चौकशी केली की हा हमखास पुढे येतो. एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, दोन नळ्यांत साधारण तेवढंच अंतर, पुढे हँडल, कडेनं रबराची पट्टी आणि कोटेशनवर ठळक अक्षरांत ‘१०,००० गॉस’ (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक). वस्तू चांगली आहे. जुनी काळी फेराइट चुंबकाची पट्टी खिळे-नटबोल्ट धरायची, पण गिरणीतले हॅमर झिजून पडणारा बारीक कीस तिच्या हाती लागत नसे. तो हा मॅग्नेट धरतो. मात्र त्या दहा हजारांवर भुलून साधा ग्रेड घेतला आणि थेट गिरणीखाली लावला, तर पैसे पाण्यात.

दहा हजार हा आकडा खोलीच्या तापमानाचा असतो. हळकुंड दळताना पावडर चांगलीच तापते, आणि गिरणीची जाळी चोंदली किंवा फीड जास्त झाला की ९० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. चुंबकातला एकेक अणू म्हणजे बारीकसा चुंबकच. सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात, म्हणून ओढ निर्माण होते. तापमान चढलं की अणूंची थरथर वाढते आणि ही शिस्त सैल पडते. निओडिमियमची ताकद दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के उतरते. म्हणजे २५ अंशांवरचे १०,००० गॉस ७५ अंशांवर ९,४००च्या आसपास. एवढ्यानं काही बिघडत नाही. थंड झाल्यावर ते परत येतात.

बिघडतं ते वेगळंच. चुंबकत्वाची दिशा सोडायची नाही, हा चिवटपणा निओडिमियम-लोखंड-बोरॉनच्या या मिश्रधातूला मुख्यतः स्फटिकात बसलेल्या निओडिमियमच्या अणूंमुळे मिळतो. तो चिवटपणा दर अंशाला ०.६ टक्क्यांच्या आसपास घटतो, ताकदीच्या पाचपट वेगानं. हद्द ओलांडली की आतले काही भाग उलटे फिरतात आणि गार झाल्यावरही सरळ होत नाहीत. ‘चुंबकत्व ३१० अंशांना जातं, तुमची हळद कुठे एवढी तापते?’ असं कुणी म्हणालं तर पहिलं वाक्य खरं आहे आणि तुमच्या कामाचं नाही. ३१०ला सगळंच संपतं. नुकसान त्याच्या खूप आधी सुरू होतं.

म्हणून ग्रेडच्या शेवटचं अक्षर बघायचं. नुसता एन३५ किंवा एन४२ असेल तर मर्यादा ८० अंश. एम असेल तर १००, एच १२०, एसएच १५०. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकाऊ, हा गैरसमज आहे. एन५२ची ओढ जबरदस्त, पण उष्णतेत तो आधी ढळतो. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. नळीत चकत्या समोरासमोर सारखे ध्रुव करून, मध्ये लोखंडी वॉशर घालून कोंबलेल्या असतात. पृष्ठभागावर जोर त्यामुळेच मिळतो, पण प्रत्येक चकती शेजारणीला उलट रेटत असते. परिणामी ८०चा ग्रेड नळीत ८०च्या आधीच कुरकुरू लागतो. गिरणीखालीच लावायचा असेल तर एच हा किमान ग्रेड. जाळी वारंवार चोंदत असेल तर एसएच. सॅमेरियम कोबाल्ट अडीचशे अंशही सोसतो, पण महाग आणि ठिसूळ. हळदीला त्याची गरज नाही.

आमचं मत विचाराल तर महागडा ग्रेड घेण्याआधी जागा बदलून बघा. सायक्लोननंतर (हवेतून पावडर वेगळी करणारं नरसाळं), पॅकिंगच्या आधी, पावडर निवलेली असते. तिथे एम ग्रेड निवांत चालतो. गिरणीच्या आधी, अख्ख्या हळकुंडाच्या वाटेवर, नळ्या लावूच नका. राजापुरी वाणाच्या हळदीची जाड बोटं त्यांत अडकून बसतात. तिथे उतरत्या पत्र्याखाली फेराइटची प्लेट पुरे. पोत्याच्या दाभणाची मोडकी टोकं, पॉलिश ड्रमच्या जाळीचे तुकडे, खिळे तिथेच थांबतात आणि पुढची जाळी फाटत नाही. शिवाय फेराइटचा चिवटपणा तापल्यावर कमी न होता थोडा वाढतो.

काय सापडणार नाही, तेही माहीत असू द्या. हॅमर मँगनीज स्टीलचे असतील तर त्यांचा तुकडा कुठलाच मॅग्नेट धरत नाही. ते पोलादच चुंबकाला दाद देत नाही. पितळ-ॲल्युमिनियमचं तेच. एसएस ३०४ची जाळीही तशी अचुंबकीय, पण घासून-ठोकून निघालेल्या कणांत थोडं चुंबकत्व येतं, आणि ते पकडायला हे जोरदार निओडिमियमच लागतं.

माल ताब्यात घेताना नळी कागदात गुंडाळून तिच्यावर लोखंडाचा कीस भुरभुरा. ठरावीक अंतरावर दाट कडी उठतात, वॉशर असतील तिथे. दोन्ही टोकांना बोटभर जागा कमजोर दिसणं चालतं. मधलं एखादं कडं विरळ दिसलं तर त्याच्या शेजारची चकती गेलेली आहे. टोकालगतची एक-दोन कडी विरळ असतील तर झाकण वेल्ड करताना चकत्या भाजल्याची शक्यता मोठी. गॉस मीटर नसेल तर स्प्रिंगच्या काट्याला स्टीलची गोळी अडकवून ओढून बघा आणि आकडा नोंदवून ठेवा. ओढ गॉसच्या वर्गाच्या हिशेबानं बदलते. गॉस १० टक्के उतरले की ओढ जवळपास १९ टक्के घटते, त्यामुळे साध्या काट्यावरही फरक कळतो.

ड्रॉवर मोटर बंद करूनच ओढायचा. चालू गिरणीत ओढला की धरलेला सगळा कीस रबराच्या पट्टीला घासून खाली पावडरीत पडतो. नळी हातमोज्यानं टोकाकडे पुसत न्यायची; हवेचा झोत मारू नका. बाहेरची बाही काढली की कीस आपोआप गळतो असा ‘ईझी क्लीन’ प्रकारही मिळतो. सोय आहे, पण बाहीच्या जाडीएवढं अंतर वाढतं आणि ओढ झपाट्यानं कमी होते, म्हणून गॉस बाहीवर मोजून मागा. पेसमेकर असलेल्या माणसाला हे काम देऊ नये.

या ड्रॉवरची खरी उणीव नळीच्या पत्र्यात आहे. हळद पत्रा घासते. पातळ नळीला सुईएवढं भोक पडलं तरी दमट हवा आत शिरते, निओडिमियम गंजून फुगतो आणि नळी टरारते. ऑर्डरवर तीन गोष्टी लिहून घ्या: अक्षरासकट ग्रेड, पत्र्याची जाडी आणि नळी एकेक बदलून मिळेल का. शेवटच्याला नकार मिळाला तर दुसरीकडे बघा, कारण चारपैकी पावडरीच्या धारेखालची नळीच आधी जाते.