चुका पोटात घालणारा फेअरवे वूड: रुंद तळाचा घ्यावा की कण्याचा?

नाशकात रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हणालात तर तो तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडतो. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळ-संध्याकाळ लोक चालायला येतात, पण गोल्फ कोणी खेळत नाही. ज्यांना खरंच गोल्फ खेळायचंय त्यांना गाडी काढून शहराबाहेर पडावं लागतं. तिथली जमीन कशी आहे ते तुम्ही जाणताच. पावसाळ्यात चिखल आणि गुडघ्यापर्यंत हिरवंगार, दिवाळीनंतर दोन-अडीच महिने अगदी छान, आणि होळी झाली की गवत विरळ होऊन खालचा मुरूम डोकावायला लागतो. मे महिन्यात तर नुसता तवा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं या जमिनीवर बेतलेलं आहे. तुम्ही बाराही महिने गालिच्यासारख्या फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) खेळत असाल तर निम्मं सोडून दिलंत तरी चालेल.

आमच्या रविवारच्या मंडळींपैकी तिघांनी गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न विचारला: फरगिव्हिंग फेअरवे वूड घ्यायचाय, कोणता घेऊ? फेअरवे वूड म्हणजे जमिनीवरूनही लांब मारता येणारा, ड्रायव्हरहून लहान डोक्याचा क्लब. 'फरगिव्हिंग'ला मराठीत 'क्षमाशील' म्हणणं मला तरी जमत नाही. आपल्याकडे माणूस चुका पोटात घालतो. वूडनेही तेच करावं, एवढीच अपेक्षा. मी दोन्ही जातींचे वूड वापरलेत, प्रत्येकी साधारण दीड वर्ष. वय ५४, हँडिकॅप २२ (म्हणजे खेळ बेताचाच), ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बरा लागला तर १९० यार्ड. तुमचे आकडे याच्या आसपास असतील तर आपलं जमेल.

नंबराचा वाद आधी मिटवून टाकू. ३ नंबर घेऊ नका. जमिनीवरून १५ अंश लॉफ्टचा चेहरा (चेहरा म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, लॉफ्ट म्हणजे ती मागे कललेली असते तो कोन) चेंडू उचलतो तो वेगाच्या जोरावर, आणि तो वेग आपल्यापाशी नाही. ५ नंबर म्हणजे १८ अंश, ७ म्हणजे २१. शाफ्टही (दांडा) दर पायरीला साधारण अर्धा इंच आखूड होत जातो, म्हणून चेंडू चेहऱ्याच्या मध्यावर लागायची शक्यता वाढते. यात कमीपणा वाटत असेल तर लक्षात असू द्या, २०२० च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत डस्टिन जॉन्सन २० अंडर (पार म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा २० कमी) खेळून जिंकला तेव्हा त्याच्या बॅगेत ७ नंबरचा वूड होता. आणि १९३५ मध्ये जीन साराझेनने त्याच स्पर्धेत १५व्या होलवर २३५ यार्डांवरून दुसराच फटका थेट होलमध्ये घातला, तो ४ नंबरच्या वूडने. माझे दोन्ही ५ नंबरचेच आहेत, त्यामुळे खालची तुलना तशी सरळ आहे.

पहिला म्हणजे हल्ली दुकानात 'फरगिव्हिंग' म्हटलं की सगळ्यात आधी हातात देतात तो. मोठं डोकं, रुंद सपाट तळ, स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं) कमी व्हावा म्हणून वजन हीलकडे (दांड्याच्या बाजूला) सरकवलेलं, आणि मानेपाशी लॉफ्ट कमी-जास्त करायची स्लीव्ह. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या बांधणीचे वूड अनेकांचे आहेत आणि दोष कंपनीपेक्षा माझ्या जमिनीचा जास्त असावा.

दुसरा डोक्याने थोडा लहान, चेहऱ्याने बुटका आणि तळाला मधोमध कणा असलेला, होडीला असतो तसा. या जातीतले प्रकार तुमच्या पाहण्यात असतील. टेलरमेडने २०२० च्या सिम मॅक्समध्ये व्ही आकाराचा तळ दिला, कोब्राने बरीच वर्षं तळाला रेल (उठावदार पट्ट्या) दिल्या, क्लीव्हलँडच्या हेलो मालिकेतही रेल आहेत. त्याआधी १९९० च्या दशकात अॅडम्सचा 'टाइट लाइज' गाजला होता. चेंडूखाली गवत जवळपास नाहीच, अशा जागेला टाइट लाय म्हणतात. म्हणजे नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यापुढे आपला एप्रिल महिनाच असणार.

पहिल्याचं कौतुक आधी, कारण ते खरं आहे. टीवरून (चेंडू खुंटीवर ठेवून पहिला फटका मारताना) तो फार चांगला. चेंडू टोच्या (डोक्याच्या बाहेरच्या टोकाच्या) अंगाला लागला, अगदी लोगोच्या बाहेर लागला, तरी हातात झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू पंधरा-वीस यार्डच कमी जातो. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत सकाळी साडेसहाला टीवर उभं राहिलेल्या माणसाला याची किंमत कळते. पावसाळ्यात, जमीन स्पंजासारखी असताना, त्याचा रुंद तळ मातीत रुतत नाही, वरून सरकतो. पहिल्या सीझनला मी तो जून ते डिसेंबर वापरला आणि भेटेल त्याला घ्यायला सांगितलं. त्यातल्या एकाने घेतला, आणि तो अजून माझ्याशी बोलतो.

गाडं अडलं ते मार्चमध्ये.

पार ५ (पाच फटक्यांचा होल), ड्राइव्ह बरा बसलेला, चेंडू फेअरवेवर पण खाली मुरूम. मी वूड चेंडूमागे टेकवला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चेहरा डावीकडे बघत होता. उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा डावीकडे. अधिक महिन्यात मानपान राहिलेला जावई जेवायला बसतो पण तोंड फिरवून बसतो, तसा. मनगटाने त्याला सरळ केला आणि मारला, तर चेंडू सरळ उजवीकडच्या बाभळीत. पुढच्या होलवर म्हटलं बघू दे बापडा जिकडे बघायचंय तिकडे, तसाच मारला, तर डावीकडे हुक. कॅडी तीन होल गप्प होता. चौथ्याला म्हणाला, "साहेब, चेंडूचं राहू द्या, आधी हे कुठं बघतंय ते बघा."

दुकानात हे मला कधीच दिसलं नव्हतं. घरी दिवाणखान्यातही नाही. माझं नाशकातल्याच अंबडला छोटं वर्कशॉप आहे, तेव्हा सोमवारी सकाळी डबा ठेवायच्या आधी वूड सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवला. सरळ! एक केसही इकडेतिकडे नाही. क्लब निर्दोष, म्हणजे दोष माझा, असं धरून बसलो होतो, तेवढ्यात आमच्या फिटरने सहज टोच्या बाजूला तळाखाली एक मिलिमीटरचा शिम (पातळ पट्टी) सरकवला. डोकं कललं आणि चेहरा डावीकडे वळला. शिम काढला, सरळ. घातला, डावीकडे. दोघं बराच वेळ तेच करत बसलो, चहा गार झाला.

कारण साधं आहे. रुंद सपाट तळाला टेकायला सगळा तळ लागतो. प्लेटवर मिळतो, दुकानातल्या कार्पेटवर मिळतो, पावसाळ्यातल्या मऊ गवतात तळ स्वतःच जागा करून घेतो. कडक जमिनीवर टोखाली एक खडा किंवा एक टणक उंचवटा आला की डोकं हीलवर कलंडतं, आणि टो वर उचलला गेला की लॉफ्ट असलेला चेहरा डावीकडे बघतो. लॉफ्ट जास्त, तर डावीकडे बघणंही जास्त. त्यात हीलकडचं वजन चेंडूला आधीच डावीकडे ढकलतंय. चूक पोटात घालायला आणलेला गडी नवीनच चूक ताटात वाढत होता.

यावर स्लीव्हचा उपाय आहे असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पाना लावून लॉफ्ट दीड अंश कमी केला, कारण लॉफ्ट कमी केला की टेकवल्यावर चेहरा उजवीकडे उघडतो. चेहरा सरळ दिसायला लागला, मन प्रसन्न झालं. पण आता हातात साडेसोळा अंशाचा वूड होता, आणि माझ्या वेगाला तो चेंडू उचलेना. छातीएवढ्या उंचीने जाऊन दीडशे यार्डांवर लोळायला लागला. उलट फिरवून उंची मिळवावी तर चेहरा आणखी बंद. इकडे आड, तिकडे विहीर. स्लीव्ह असलेला वूड निवडताना हे ध्यानात ठेवा: लॉफ्ट आणि चेहऱ्याची दिशा एकाच खुंटीला बांधलेली असते, एक हलवलं की दुसरं हलतंच.

बरं, चेहऱ्याची दिशा सहन केली असती, पण त्याच जमिनीवर दुसराही त्रास होता. चेंडूच्या इंचभर मागे जमिनीला स्पर्श झाला तर रुंद तळ उसळतो आणि पुढची कड चेंडूच्या पोटावर बसते. फटका टॉप होतो, चेंडू सरपटत जातो, भागीदार दुसरीकडे बघायला लागतात.

दुसरा वूड मी एका ओळखीच्यांकडून जुना घेतला, मागच्या पिढीचा. माझ्या मते आपल्या खेळाला मागच्या पिढीचा भरपूर झाला. फक्त ओळखीतून किंवा अधिकृत दुकानातून घ्या, कारण नकली डोकी बाजारात फिरतात. तोही प्लेटवर ठेवला आणि तोच शिम टोखाली सरकवला. तळाला लागलाच नाही! जमिनीला टेकतो तो मधला कणा, दोन्ही बाजू वर उचललेल्या. खडा असो, उंचवटा असो, तो कण्यावर उभा राहतो आणि चेहरा तुम्ही धराल तिकडे बघतो. एवढंच. यासाठी मी तो ठेवला, असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

व्हर्नियर हातात होताच, म्हणून चेहऱ्यांची उंचीही मोजली. पहिल्याची ३९ मिलिमीटर, दुसऱ्याची ३४. चेंडूचा व्यास साधारण ४२.७, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून २१ च्या थोडा वर. बुटक्या चेहऱ्याचं वजन खाली असतं, ते त्या मध्याच्या खाली शिरायला सोपं जातं आणि चेंडू वर चढतो. एप्रिलमध्ये, चेंडूखाली गवताच्या चार काड्या असताना, दहातले सहा-सात फटके नीट उठायला लागले. पहिल्याने तीन उठायचे. मोजणीची पद्धत म्हणाल तर मोजणारा मी, आठवणारा मी, आणि वाईट फटके विसरणारासुद्धा मीच.

दुसऱ्याचेही नखरे आहेत. टीवर चेंडू जरा उंच ठेवला की बुटका चेहरा खालून निघून जातो, चेंडू डोक्यावर सरळ आभाळात आणि डोक्याच्या वरच्या रंगावर पांढरा ओरखडा. माझ्या वूडवर असे दोन आहेत. टी जवळजवळ जमिनीबरोबर खोचायची सवय करावी लागली. टोवर लागलेला चेंडूही तो पहिल्याइतका पोटात घालत नाही, हाताला कळवतो. आणि आवाज! पहिल्याचा 'ठप' असा भारदस्त, याचा 'टण्ण', स्टीलचा डबा कट्ट्यावर ठेवल्यासारखा. शेजारच्या फेअरवेवरचे मान वळवून बघतात. महिन्याभरात सवय होते, त्यांनाही.

रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) मात्र कण्याचाच. रुंद तळ गवतात अडकून फिरतो, कणा गवत दुभंगून जातो. पण चेंडू गवतात पूर्ण बुडालेला असेल तर दोन्ही वूड बाजूला ठेवा आणि ७ नंबरचं आयर्न काढा.

तेव्हा कोणाला कोणता? तुमचा प्रत्येक फटका उजवीकडेच जात असेल, म्हणजे खरोखर प्रत्येक, तर पहिल्याचा डावीकडचा ओढा तुम्हाला वरदान ठरू शकतो. मग बंद चेहरा दिसला तरी डोळे मिटून मारा. वूड मुख्यतः टीवरून वापरत असाल, आखूड पार ४ वर ड्रायव्हरऐवजी, तरी पहिलाच. पुण्यामुंबईच्या पाणी घातलेल्या कोर्सवर जास्त खेळणं होत असेल तर दोन्हींत फार फरक जाणवणार नाही, आणि तिथे पहिल्याचं मोठं डोकं कदाचित उजवं ठरेल. पण नाशकात, जमिनीवरून, फेब्रुवारी ते जून खेळायचं असेल तर माझा हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. ७ नंबरमध्ये मिळाला तर आणखी बरं. मलाच आता घ्यायचा आहे.

घेण्याआधी एक करा. दुकानदाराला सांगून वूड कार्पेटवरून उचला आणि बाहेर पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर टेकवा. खाली रुमाल अंथरा, नाहीतर तो बिचारा घाबरतो. हात सैल सोडून दोन बोटांत ग्रिप धरा आणि चेहरा कुठे बघतो ते पाहा. जागा बदलून चार-पाच वेळा करा. मी हे केलं असतं तर एक वूड कमी घेतला असता.

पहिला विकला नाही. वर्कशॉपमध्ये फाइलींच्या कपाटामागे उभा असतो. मृगाच्या सरी पडल्या की बॅगेत जातो आणि दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या पाटावर दोघं शेजारी मांडले की त्याची ड्युटी संपते. कोणाला आजमावून बघायचा असेल तर अंबडला येऊन घेऊन जा. शिम मात्र फिटरकडेच राहील, त्याला तो खेळ फार आवडलाय.