आधी लायनर बाहेर काढायला सांगा

गेल्या दिवाळीच्या आधी रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या एका हॉलमध्ये ट्रेकिंगच्या सामानाचा सेल लागला होता. तंबू, सॅक, जॅकेटं आणि एका टेबलावर स्की बुटांचे सात-आठ जोड. आमच्या ग्रुपचं फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं ठरलं होतं. तिथे बूट भाड्याने मिळतात हे माहीत होतं, पण ते नीट बसतील की नाही ही धास्ती होती. स्वस्तात स्वतःचे मिळाले तर बरंच, या विचाराने मी ८,५०० रुपयांना एक जोड घेतला. पैसे गेलेच, पायही थोडक्यात वाचला. सेल लावणारा तोच विक्रेता आता कणकवलीकडे सेल लावणार असल्याचं कानावर आलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

"दादा, आधी पाऊल मोजू," तो विक्रेता म्हणाला आणि माझा विश्वास तिथेच बसला. भिंतीला टाच टेकवून कागदावर मोजलं, २६.३ सेंटीमीटर. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, हे त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. मग त्याने एक जोड काढला. स्की बुटाला बाहेरून कडक प्लास्टिकचा शेल असतो आणि आत काढता येणारा मऊ लायनर; त्या लायनरवर २६.५ स्पष्ट छापलेलं. जाड लोकरीचे दोन-दोन मोजे घालायला लावले, खुर्चीत बसवलं, चारही बकलं लावून दिली. "कुठे टोचतंय?" कुठेच टोचत नव्हतं, गादीत पाय ठेवल्यासारखं वाटत होतं. ऑक्टोबरचा उकाडा, हॉलमध्ये पंखा नाही, पाय नुसता शिजत होता. कधी एकदा बूट काढतो असं झालेलं. उभं राहून गुडघे पुढे वाकवून बघ, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "सेलचा माल आहे, बिल केलं की जीएसटी लागेल." मी यूपीआयने पैसे दिले आणि निघालो.

गुलमर्गला पहिल्या दिवशी वळण घेताना स्की माझं ऐकतच नव्हती. बूट वळायचा, पाय आतल्या आत फिरायचा. टाच उचलली जात होती. मी बकलं आणखी आवळली, तशी पावलं बधिर झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी उतारावर तोल गेला, गुडघा पिळला गेला. संध्याकाळी मोजे काढले तेव्हा उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं आणि नडगीवर बकलांच्या उंचीला आडवा लाल पट्टा उमटला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या भाड्याच्या दुकानातल्या वयस्कर काश्मिरी चाचांकडे बूट घेऊन गेलो. त्यांनी बूट उलटा केला, पुढच्या टोकावर अंगठा फिरवला आणि मान हलवली. रस्त्यावर चालून चालून तळाचं टोक झिजून गोल झालेलं. बाइंडिंग, म्हणजे स्कीवरची पकड, बुटाला या टोकाला आणि टाचेला धरून ठेवतं आणि पडल्यावर योग्य वेळी सोडतंही तिथूनच. टोक झिजलं की दोन्हीचा भरवसा नाही. मग त्यांनी लायनर ओढून बाहेर काढला. टाचेकडून निळ्या फोमचा एक तुकडा खाली पडला. आम्ही ट्रेकला अंथरतो त्या कॅरीमॅटचाच फोम, कात्रीने कापून दुहेरी चिकटपट्टीने लावलेला. पुढच्या टोकालाही तसाच. तळाशी एकावर एक दोन इनसोल. टाचेच्या बाजूला शेलवर मी कंपनीचा समजत होतो तो काळा स्टिकर चाचांनी नखाने सोलला. खाली कोरलेलं होतं ३२५. तळाची ही मिलिमीटरमधली लांबी शेलवरच असते. त्यांनी माझ्या मापाचा त्यांचा बूट शेजारी ठेवला, त्यावर ३०५ होतं. म्हणजे शेल निदान दोन नंबर मोठा, आत दुसऱ्याच बुटाचा २६.५ चा लायनर बसवलेला आणि मधली पोकळी फोमने भरलेली. दोन दिवसांत फोम दबला आणि पाय मोकळा झाला.

चाचांनी मग जे करून दाखवलं ते रत्नागिरीत मला दोन मिनिटांत करता आलं असतं, तेही फुकट. लायनर काढायचा. रिकाम्या शेलमध्ये पाय घालून बोटं पुढे जेमतेम टेकवायची आणि टाचेमागे किती बोटं आत जातात ते बघायचं. दीड-दोन सेंटीमीटर, म्हणजे फार तर दोन बोटं, एवढी जागा नवशिक्याला पुरे. माझ्या बुटात एकावर एक ठेवलेली तीन बोटं सहज गेली. लायनर परत घालून पातळ मोजा, एकच, घालायचा आणि उभं राहायचं. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात, टाच जागची हलत नाही. बसल्याबसल्या मऊ लागणारा बूट मोठाच असतो, कारण लायनर वापराने आणखी दबत जातो. पंजाजवळची रुंदीही विचारा. ९८ मिलिमीटरचा शेल अरुंद, १०२ च्या पुढचा रुंद. आपल्याकडे लहानपणी अनवाणी हिंडून पाय पसरट झालेले खूप जण आहेत, त्यांनी तर विचारायलाच हवं. एक सांगतो, थोडा घट्ट असलेला बूट जाणकार माणूस शेल गरम करून दाबत्या जागी फुगवून देऊ शकतो. मोठा शेल लहान मात्र कोणीच करू शकत नाही.

चाचांकडून भाड्याने घेतलेल्या बुटात उरलेले तीन दिवस टाच जागची हलली नाही. तिन्ही दिवसांचं मिळून दिलेलं भाडं माझ्या ८,५०० च्या पाव भागाइतकंही झालं नाही. वर्षातून पाच दिवस स्की करणाऱ्या कोकणातल्या माणसाने बूट विकत घ्यावेत, असं मला आता वाटत नाही. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या ट्रेकिंग बुटाचा तळ चिखलासारखा सुटून येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पॉलियुरेथेन दमट हवेत विरतं. बऱ्याच स्की बुटांचे शेलही त्याचेच असतात, आणि जुना शेल बर्फात तडकला तर भर उतारावर तडकतो.

परत आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्या दिवशी हॉलमध्ये काढलेले दोन फोटो आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि इतक्या लहान रकमेला फी नाही, त्यामुळे अर्ज मी करणारच आहे. त्याच सेलमध्ये कोणी स्की बूट घेतले असतील तर आज लायनर ओढून बघा. फोम निघाला तर फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. अर्ज एकत्र करू.