'वसंत स्पेशल' बियाणे संच: फेब्रुवारी ते जून, पुण्याच्या गच्चीवरचा अनुभव

फुलं आणि भाज्या मिळून बारा पाकिटं, किंमत ४४९ रुपये. भाज्यांत भेंडी, मिरची, टोमॅटो, गवार, काकडी, फ्लॉवर, मटार; फुलांत पॅन्सी, पिटुनिया, झिनिया, झेंडू, चिनी गुलाब. मी लिहितोय कारण पैसे परत देणार नाही असं विक्रेत्यानं या आठवड्यात शेवटचं कळवलं.

आधी स्टिकरचं बोलू. भेंडीच्या पाकिटावर उगवण चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली नव्हती, पांढऱ्या स्टिकरवर होती. नखानं कोपरा उचलला तर खाली दुसरी तारीख, दीड वर्षापूर्वीची. मिरचीच्या पाकिटावरही तेच. बियाण्याची वैधता चाचणीपासून साधारण नऊ महिने धरतात आणि उगवणशक्ती लेबलवर लिहावी लागते. भेंडीला किमान ६५ टक्के, मिरचीला ६०, टोमॅटोला ७०. भेंडीचं बी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवलं, आठवड्यात निम्म्यालाही कोंब आले नाहीत. कस्टमर केअरचं उत्तर, 'ऊन जास्त लागलं असेल.' फडकं स्वयंपाकघरात ओट्याखाली होतं! फोटो पाठवले तर पन्नास रुपयांचं कूपन आलं. मला कूपन नको होतं, तारीख का झाकली ते हवं होतं. घरी पिकवून खाणारा माणूस पाकिटावरच्या त्या एका ओळीच्या भरवशावर तीन महिने पाणी घालत असतो.

दुसरा राग निवडीचा. पॅन्सी, पिटुनिया, फ्लॉवर आणि मटार 'वसंतात लावा' म्हणून दिलेत. जिथं मार्च-एप्रिलपर्यंत बर्फ असतो तिथलं हे वेळापत्रक. आपल्याकडे वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. ही चारही पाकिटं पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर पेरायची. टोमॅटो चालला, पण अर्धवट. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही तापलेली राहिली की परागीभवन नीट होत नाही, फुलं गळतात. हिरव्या नेटखाली ठेवल्यावर थोडी फळं धरली, तीही लहान.

मार्चमध्ये मी या संचाला पाचातला एक तारा दिला होता. आता अडीच करतोय, आणि त्याचं श्रेय गवारीला. वाण पुसा नवबहार. फांद्या फुटत नाहीत, एकच खोड सरळ वर जातं आणि बुडापासून शेंगांचे घोस लागतात, त्यामुळे जुन्या रंगाच्या बादलीतही मावते. पाणी बेताचं, खत जवळजवळ नाही. दोन बादल्यांत आमच्या घरची आठवड्याची एक भाजी सुटली, आणि मंडईतली गवार त्या दिवसांत काय भावानं होती ते सांगायला नको.

दुसरा आनंद झिनियाचा. फुलझाडं मी शोभेपुरती धरत होतो, आता मत बदललंय. काकडीच्या वेलाला आधी नुसती नरफुलं येतात, ती गळली म्हणून घाबरू नका. ज्या फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी चिकटलेली दिसते ते मादीफूल. चौथ्या मजल्यावर त्याच्यापर्यंत पराग नेणार कोण? मागच्या उन्हाळ्यात मी कापसाच्या बोळ्यानं करत होतो. यंदा झिनिया आणि झेंडू वेलाच्या पायाशी लावले. सकाळी आठच्या सुमाराला मधमाश्या आधी झिनियावर, मग तिथून काकडीच्या पिवळ्या फुलांत. बोळा लागलाच नाही. वळवाच्या सरींनंतर झिनियाच्या पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) आली, तोवर काकड्या काढून झाल्या होत्या. चिनी गुलाब तर मेच्या उन्हातही फुलत राहिला, आणि मोडलेली काडी मातीत खोचली तरी जगते, म्हणजे एका पाकिटात जन्माचं काम.

तरीही संच घेऊ नका. शेतीसेवा केंद्रात सुटी पाकिटं मागा आणि वाणाचं नाव घेऊन मागा. भेंडी परभणी क्रांती. पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, तोंड देण्यासाठीच परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली. काकडी हिमांगी, ती राहुरीच्या कृषी विद्यापीठाची. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. मिरचीची रोपं नर्सरीतून आणा, बियांपासून करण्यात फेब्रुवारी-मार्च निघून जातो. फुलांत झेंडू, झिनिया, चिनी गुलाब, आणि जागा असेल तर मोगऱ्याची एक कुंडी. एवढं सगळं घेऊन माझे ४४९ झाले नसते.

जूनसाठी दोडका आणि गोकर्ण सुट्या पाकिटांतूनच आणलेत. संचातली पॅन्सी-पिटुनिया हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आहेत, ऑक्टोबरात पेरेन. उगवली तर अर्धा तारा वाढवेन, पण स्टिकरचा खुलासा येईपर्यंत पाचातले तीन ही हद्द.