"आज रात्रीच ईआरसीपी करा, नाहीतर आमची जबाबदारी नाही"

पित्ताशयातल्या खड्यांमुळे आईच्या स्वादुपिंडाला सूज आली आणि तिच्या दुखण्यापेक्षा आमच्या घाबरण्याचा जास्त फायदा घेतला गेला. दुसऱ्या कुणाच्या घरी हे होऊ नये म्हणून लिहिते आहे.

निदान खरं होतं. वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ, रक्तात लायपेज (स्वादुपिंडातून येणारं पाचक द्रव्य) भरमसाट वाढलेलं, सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे. त्यानंतर मात्र आम्हाला सांगितलं गेलं, "खडा पित्तनलिकेत अडकलाय, सकाळपर्यंत थांबलात तर पेशंट हातचा जाईल." ईआरसीपीचं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करण्याच्या प्रक्रियेचं, संमतीपत्र पुढे आलं, सही झाली.

नंतर फाइलची प्रत मागून घेतली. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत लिहिलं होतं: पित्तनलिका फुगलेली नाही, नळीत खडा दिसत नाही. ताप नव्हता. सकाळी थोडं वाढलेलं बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते) संध्याकाळी उतरलं होतं. ईआरसीपीच्या नोंदीतही 'खडा आढळला नाही', तरी नळीचं तोंड कापून प्लास्टिकचा स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक पुंगळी) बसवलेला. रिपोर्ट हातात असताना त्याच्या उलट सांगणं, याला मी फसवणूकच म्हणते.

बारीक खडा पुष्कळदा आपोआप आतड्यात उतरतो. थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटदुखी, म्हणजे पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असेल, तर ईआरसीपी 24 तासांच्या आत व्हायलाच हवी. तिथे एक तासही वाद घालत बसू नका, जीव जाऊ शकतो. पण असा संसर्ग नसताना घाईचा उपयोग होतो का, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी आजार गंभीर होण्याची शक्यता असलेल्या 232 रुग्णांवर तपासलं. 2020 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: तातडीच्या ईआरसीपीने मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत कमी झाली नाही. शिवाय ईआरसीपीनेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला छिद्र पडू शकतं. नळीत खडा असल्याची शंका असेल तर आधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करता येते.

मला सर्वात जास्त संताप पुढच्या गोष्टीचा आहे. असा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर तो तुंबून संसर्ग होतो. डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेखच नव्हता. आणि जे खरंच लवकर करायला हवं होतं, ते राहिलंच. आजार सौम्य असेल तर त्याच भरतीत पित्ताशय काढणं हिताचं असतं. 2015 च्या डच अभ्यासात तसं केलेल्यांपैकी 5 टक्क्यांना सहा महिन्यांत पुन्हा खड्यांचा गंभीर त्रास झाला, ऑपरेशन पुढे ढकललेल्यांपैकी 17 टक्क्यांना. आईला "पथ्य पाळा" सांगून घरी पाठवलं आणि तिला पुन्हा तोच अटॅक आला.

सही करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: नळीत जंतुसंसर्ग आहे का, आणि नळी अडल्याचं कुठल्या रिपोर्टमध्ये दिसतंय? तो रिपोर्ट स्वतः वाचा. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये आईचा स्टेंट काढला, पित्ताशयही काढलं. पहिल्या हॉस्पिटलविरुद्ध आम्ही रीतसर तक्रार केली आहे.