मुरबाड की कर्जत? भाड्याने देण्यासाठी डोंगरातले कॉटेज घेण्यापूर्वी

ठाण्यात राहून, पगारातून साठलेले तीसेक लाख डोंगरातल्या कॉटेजमध्ये घालावेत आणि ते शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने द्यावे, असा विचार करणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक कल्याणमार्गे मुरबाड, टोकावडे आणि माळशेज घाटाच्या पायथ्याकडे जाते, दुसरी नेरळ-कर्जतकडे. पहिल्या वाटेवर आतल्या गावांत जमीन त्या मानाने स्वस्त असल्याने तेवढ्या रकमेत जागा आणि बांधकाम दोन्ही बसवता येते. दुसरीकडे बहुधा छोट्या एनए (बिगरशेती वापराची परवानगी असलेल्या) प्लॉटवर किंवा कोणीतरी आखलेल्या प्रकल्पातील तयार कॉटेजवर समाधान मानावे लागते. माझा कौल कर्जतकडे झुकतो, पण घरात शेतकरी खातेदार असेल तर तो बदलतो.

याचे कारण सातबाऱ्यात आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत आदिवासी खातेदार मोठ्या संख्येने आहेत, आणि महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ मुळे त्यांची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावे होत नाही. त्यामुळे ‘स्वस्त’ म्हणून दाखवलेल्या जागेच्या सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना दलालाच्या फोनवर नव्हे, स्वतः उतारा काढून वाचावा. तिथे कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही), वर्ग २ चा भोगवटा (हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागणारी जमीन) किंवा खासगी वनाची नोंद असेल, तर स्वस्ताईचे कारण तिथेच कळते. कर्जतकडे हे प्रश्न नाहीत असे नाही. शिवाय माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने डोंगराच्या उतारावरील जागेवर बांधकामाची आणखी बंधने येतात. मात्र पायथ्याच्या गावांत रीतसर एनए झालेले प्लॉट सापडतात, आणि बिगरशेतकऱ्याला सरळ विकत घेता येतील असे तेच आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला एनएची प्रक्रिया सोपी आहे, हेही शोध घेताना लक्षात ठेवावे.

पाण्याची तुलना अधिक बोलकी आहे. एका मे महिन्यात टोकावड्याच्या अलीकडे आम्ही जी जागा पाहायला गेलो, तिचे पावसाळ्यातले फोटो पाहूनच आम्ही भुललो होतो: मागे धुक्यातली डोंगररांग, कडेला खळाळता ओहळ. प्रत्यक्षात ओहळात पांढरे गोटे उरले होते आणि वाडीच्या तोंडाशी टँकरच्या वाटेकडे हंडे आणि निळे पिंप रांगेने मांडलेले होते. बोअरला भरपूर पाणी असल्याचे मालकाने सांगितले, पण पंप सुरू केल्यावर सातव्या मिनिटाला नळीतून नुसती हवा येऊ लागली. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथेही उन्हाळ्यात टँकर फिरतात. याउलट कर्जतची पेज नदी भिवपुरीच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर बारमाही वाहते, आणि तिच्या काठच्या गावांत एप्रिलमध्येही पाहुण्याला आंघोळीचे पाणी मोजून द्यावे लागत नाही. एका कुटुंबाचे दोन दिवसांचे पाणी म्हणजे हजार-दीड हजार लिटर सहज होते.

बांधकामात दोन्हीकडे सह्याद्रीचा पाऊस सारखाच कठोर आहे. थंड, कोरड्या डोंगरांतली लाकडी घरे पाहून तसेच्या तसे बांधणे इथे महागात पडते. माझ्या एका स्नेह्यांच्या पाइनच्या कॉटेजच्या नैर्ऋत्येकडील फळीवर दोन पावसाळ्यांनंतर अंगठा दाबला, तर तो नखभर आत गेला. वरून सारे ठीक दिसत होते. माझ्या मते उंच जोते, जांभ्याच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, तीव्र उताराचे छप्पर आणि झड अडवणारी खोल पडवी हाच शहाणा आराखडा आहे. लाकूड हवेच असेल तर आतून लावावे. कंटेनरच्या खोलीत उन्हाळ्यात भट्टी होते, एवढे त्याविषयी पुरे.

आता उत्पन्न. उदाहरणादाखल वर्षातल्या शुक्रवार-शनिवारच्या १०४ रात्रींपैकी ७० भरल्या आणि रात्रीला ५,००० रुपये मिळाले, असे धरू. जमा साडेतीन लाख. राखणदाराचे महिना १०,००० प्रमाणे १,२०,०००, बुकिंग मंचाचे १५ टक्के कमिशन ५२,५००, वीज, धुलाई व पाण्याचे ५०,००० आणि पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीचे ४०,००० वजा जाता हाती ८७,५०० उरतात, म्हणजे तीस लाखांवर तीन टक्क्यांहून कमी. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत हीच रक्कम १,९५,००० देते. उरलेला फायदा जमिनीचा भाव वाढण्यावरच टेकलेला असतो, आणि तो सातबारा स्वच्छ असेल तरच हाती येतो. त्यातही माळशेजकडची गर्दी पावसाळ्यात उसळते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, घाटात दरडी येतात. कर्जतला लोकल पोहोचत असल्याने गाडी नसलेला पाहुणाही येतो आणि कंपन्यांच्या सहली हिवाळाभर चालतात. राखणदाराने ऐन शनिवारी दांडी मारली तर मालकाला दीड-दोन तासांत स्वतः जाता येते, हा फायदा मी भाड्याच्या दराहून मोठा मानतो.

‘दरमहा हमखास परतावा’ सांगून तयार कॉटेज विकणाऱ्यांचे करारपत्र घरी आणून वाचावे. प्रकल्पाचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून आणि घरे आठहून अधिक असतील, तर महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी लागते; क्रमांक विचारताच बोलणे दुसरीकडे वळले तर आपणही निघावे.

महाबळेश्वर-पाचगणीचा मोह अनेकांना होतो. तिथे मागणी आहे, परंतु २००१ पासून ते संवेदनशील क्षेत्र असल्याने नव्या बांधकामाला कडक मर्यादा आहेत आणि ठाण्याहून देखरेख करणे अशक्यप्राय आहे.

जागा दोन्हीकडची असो, इसार देण्यापूर्वी ती एकदा मे अखेरीस आणि एकदा जुलैत पाहावी. जुलैच्या भेटीत दरीकडे पाठ करून मागचा उतार पाहावा: त्यावर ताज्या भेगा आहेत का, झाडे वाकलेली आहेत का, पाणी गढूळ होऊन उतरते आहे का. इर्शाळगडाखालची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, आणि ती कर्जतला लागूनच असलेल्या खालापूर तालुक्यात होती.